फितूर साक्षीदारांवरचा प्रबंध

मॅडम,

गेल्या महिन्यात माझ्याकडे पहिली विद्यार्थिनी आली. वर्गात पोरं-पोरी रोजच असतात, पण पीएच.डी.साठी माझ्या नावावर नोंदलेली ही पहिलीच. मार्गदर्शक म्हणून मान्यतेचं पत्र मला यंदा आलं, तेही अर्ज तीनदा परत येऊन. मुलगी मुदखेडची आहे, नांदेडच्या कोर्टात दोन वर्षं वकिली केलेली. समोर बसली, सॅक मांडीवर घेतली आणि तिनं माझा प्रबंध बाहेर काढला. आता सगळे प्रबंध संगणकावर मिळतात. तिनं तो छापून, स्पायरल करून आणला होता, पानापानाला पिवळ्या चिठ्ठ्या लावून. मला आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. इतक्या वर्षांत तो कुणी उघडल्याचं मी पाहिलं नव्हतं. मग ती म्हणाली, "सर, चौथ्या प्रकरणात तुम्ही साक्षीदार फितूर होण्याची चार कारणं दिलीत. भीती, लालूच, नातं आणि तारखांचा कंटाळा. पण ज्याला कुणी धमकावलं न्हाई, काही दिलं न्हाई, नात्यातला न्हाई, पहिल्याच तारखेला बोलावलंय, तो का फिरतो? ते काही मला यात सापडायलं न्हाई." मी म्हणालो, "अजून वाच." ती "हाव सर" म्हणाली आणि गेली. माझा पुढचा तास होता. शिपाई दोनदा दारातून डोकावून गेला, मी उठलो नाही.

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, मॅडम. त्यातली नऊ मी तासिका तत्त्वावर काढली, मग कायम झालो. पुरावा कायदा शिकवतो. तो कायदाही आता बदललाय, नाव नवं आलं, कलमांचे आकडे बदलले, पण माझ्या तोंडात जुनेच आकडे येतात आणि पोरं हसतात. शिकवण्यापेक्षा फायलींत जास्त वेळ जातो. समितीची फाइल, तपासणीची फाइल, फाइल तयार केल्याची फाइल. घरी येतो तेव्हा बोलायचं त्राण नसतं. बायको विचारते, "कॉलेजात शिकवता का दगडं फोडता?" मी जेवतो आणि पडतो. त्या मुलीच्या प्रश्नानंतर मात्र पडलं तरी डोळा लागेना झालाय.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा कंधारच्या कोर्टात एका वकिलांच्या हाताखाली तीन वर्षं काढली होती. तिथं एका मारहाणीच्या खटल्यात ओळीनं पाच साक्षीदार फिरले होते. "मी काई बघितलं न्हाई साहेब," एकामागून एक. ज्याला मारलं होतं तो पाय ओढत पायऱ्या उतरून गेला आणि त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. त्या रागातून मी विषय घेतला. संशोधन समितीपुढे मी उभा होतो. बाकीचे विचारत होते, विषय झेपेल का, इंग्रजी जमेल का. तुम्ही विचारलंत, "कंधारच्या कोर्टात साक्षीदाराला बसायला खुर्ची असते का?" मी म्हणालो, "न्हाई मॅडम, व्हरांड्यात उभा असतोय." तुम्ही म्हणालात, "मग तिथून सुरू कर." माझं नाव तुमच्याकडे लागलं ते त्या एका प्रश्नानं.

महिन्यातून दोनदा मी नांदेडहून लातूरची एसटी धरायचो. लोहा गेलं की अहमदपूर, आणि अहमदपूरला ती चढायची. तिचं नाव इथं लिहीत नाही. आपल्या दोघांत ती 'अहमदपूरची' होती, तशीच राहू दे. ती तुमची विद्यार्थिनी नव्हती, विभागप्रमुखांकडे नोंदलेली होती. तिचा विषय पोटगीचा होता, कोर्टानं हुकूम दिल्यावरही बायकांच्या पदरात काय पडतं, याचा. गाडीत ती वही गुडघ्यावर ठेवून लिहायची. चाकूरच्या अलीकडे रस्ता उखडलेला होता, तिथं लिहिलेल्या तिच्या ओळी वरखाली व्हायच्या. मी म्हणायचो, थांबा की जरा, रस्ता सुधारू द्या. ती म्हणायची, "रस्ता सुधारायची वाट बघितली तर म्हातारी होईन मी."

लातूरला उतरून आम्ही दोघंही शेवटी तुमच्याच घरी यायचो. तुमचं आणि तुमच्या थोरल्या बहिणीचं, अक्कांचं, ते घर. मला ते सगळं अजून जसंच्या तसं दिसतं. तुम्ही गॅसपुढे उभ्या आहात, तव्यावर धपाटं आहे, आणि मी पाटावर बसून माझं प्रकरण मोठ्यानं वाचतोय. तळटीपसुद्धा तुम्ही वाचायला लावायचात. "तळटीप ऐकली की कळतं, माणसानं पुस्तक उघडलं होतं का नुसतं नाव उचललं." नळाला दहा-बारा दिवसांनी पाणी यायचं आणि पाणी आलं की संशोधन बंद. मी टाकी भरायचो, अहमदपूरची हंडे भरायची, अक्का पातेली-वाट्यासुद्धा भरून ठेवायच्या, आणि तुम्ही हातात माझी पानं धरून ओसरीवरून विचारायचात, "उलटतपासणीचा भाग एवढा त्रोटक का?"

तुमचं रागावणंही आठवतं. पहिल्या मसुद्यात मी फितूर साक्षीदारांबद्दल लिहिलं होतं, 'समाजाच्या नीतिमत्तेचा ऱ्हास'. तुम्ही त्या शब्दांखाली रेघ मारलीत. "हे तू कुठं बसून लिहिलंस?" मी म्हणालो, खोलीवर. "मग आधी त्याच्या ओट्यावर बसून ये. चहा दिला तर पी. नाही दिला तर का नाही दिला ते लिही." मी चिडून गेलो होतो, मॅडम. पण गेलो. मुदखेडजवळचा एक फुलशेतीवाला, शेवंती तोडत होता. त्यानं भर रस्त्यात एकाला मारताना पाहिलं होतं आणि कोर्टात सांगितलं होतं, पाहिलं नाही. फुलं तोडता तोडताच तो माझ्याशी बोलला. "सर, कोर्ट साडेपाचला बंद होतंय. गाव बंद होत न्हाई. ज्याला मारलं त्याची माय अजून माझ्याकडूनच फुलं घेती. घेती, पण माझ्या तोंडाकडं बघत न्हाई." त्यानं मला चहा दिला. मी तो प्यालो. परत येऊन 'ऱ्हास' खोडला, आणि तुम्ही त्या दिवशी पहिल्यांदा म्हणालात, "आता वाचण्यासारखं झालं."

उन्हाळ्यात माझ्या नांदेडच्या खोलीवर बसवत नव्हतं. पत्रे तापायचे, टाइप करताना घाम कीबोर्डवर पडायचा. मी हे सहज बोललो, तर तुम्ही आत जाऊन तुमचा टेबलफॅन उचलून आणलात आणि माझ्या हातात दिलात. मी नको म्हणत होतो. "प्रबंध झाल्यावर परत आण," तुम्ही म्हणालात. गाडीत मी तो मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टर म्हणाला, "ह्याचंबी तिकीट घ्या की, ह्यो फिरला तर अर्ध्या गाडीला वारा लागंल." अहमदपूरची इतकी हसली, इतकी हसली, की पुढच्या सीटवरची बाई मागं वळून बघायला लागली. तिला तसं हसताना मी त्यानंतर पाहिलं नाही.

कारण त्याच उन्हाळ्यात विभागप्रमुखांनी मला हातानं लिहिलेली पानं दिली. "हे जरा टाइप करून दे. सवडीनं दे." त्यांना टाइप येत नव्हतं, आम्ही विद्यार्थीच ते करायचो. खोलीवर येऊन पानं उघडली तर अक्षर तिचं. काही ओळी वरखाली झालेल्या. पोटगीसाठी वर्षानुवर्षं तारखांना येणाऱ्या एका बाईची हकीकत होती. पोरगी कडेवर घेऊन पहिल्यांदा आली होती, आणि आता तीच पोरगी तिचा हात धरून कोर्टाच्या पायऱ्या चढवते. मला वाटलं, मार्गदर्शक आहेत, तिच्याच कामासाठी असेल. वर नावाची जागा कोरी ठेव, असं त्यांनी सांगितलं होतं. तेही मला खटकलं नाही, किंवा खटकलं आणि मी टाइप करत राहिलो. टाइप झाल्यावर तिची पानं मी त्यांनाच परत दिली. सहा-सात महिन्यांनी तो लेख छापून आला. नाव एकच होतं, विभागप्रमुखांचं. ती बाई, ती पोरगी, त्या पायऱ्या, सगळं तसंच्या तसं.

तिनं तक्रार केली. आपल्या मार्गदर्शकाविरुद्ध तक्रार म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. लोक तिच्या शेजारी बसेनात. मी तुमच्या स्वयंपाकघरात येऊन म्हणालो, "मॅडम, ते मीच टाइप केलंय. अक्षर तिचं होतं." तुम्ही गॅस बंद केलात.

"विचारलं तर सांगशील?"

"सांगीन."

"नीट विचार कर. माझ्यासाठी सांगू नकोस."

"सांगीन, मॅडम."

तुम्ही समितीला लेखी दिलंत की हे प्रकरण तिच्या हस्ताक्षरात मी आधी वाचलं आहे, आणि ज्या विद्यार्थ्यानं ते टाइप केलं तो साक्ष देईल. तुमच्या निवृत्तीला तेव्हा दीड वर्ष उरलं होतं.

मला कुणी धमकावलं नाही. हे मी मुद्दाम लिहितोय. चौकशीच्या चार दिवस आधी विभागप्रमुखांनी मला बोलावलं, चहा मागवला, घरच्यांची चौकशी केली. मग म्हणाले, "तुझा सारांश माझ्या टेबलावर पडलाय. या आठवड्यात बघून टाकतो." एवढंच. सारांशावर सही झाल्याशिवाय प्रबंध पुढे सरकत नाही. पाच वर्षं झाली होती. गावाकडं भाऊ एकटा शेत ओढत होता आणि आई दर फोनला विचारायची, "झालं का रं तुझं ते?" मी चहा संपवला आणि बाहेर आलो. आपण काय ठरवलं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो.

प्राचार्यांच्या खोलीत तिघंजण बसले होते. मला बसायला खुर्ची दिली. "हा मजकूर तुम्ही टाइप केला का?" "केला असेल. सर पुष्कळ टायपिंग देतात." "हस्ताक्षर कुणाचं होतं?" मी पंख्याकडे बघितलं. म्हणालो, "आता लक्षात नाही." त्यांतल्या एकानं पुन्हा विचारलं, जरा सांभाळूनच विचारलं, "आठवून बघा." "नाही आठवत, सर." त्यांनी लिहून घेतलं आणि मी सही केली. सगळं मिळून पंधरा मिनिटंही लागली नसतील. बाहेर व्हरांड्यात तुम्ही उभ्या होतात. तुम्ही माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलंत, आणि म्हणालात, "गाडी चुकेल तुझी. नीघ."

तक्रार पुराव्याअभावी निकालात निघाली. खातरजमा न करता विधान केल्याबद्दल तुम्हाला लेखी समज मिळाली. तीस वर्षांच्या नोकरीत पहिली. अहमदपूरचीनं येणं सोडलं. तिचे प्रगती अहवाल गेले नाहीत आणि तिची नोंदणी रद्द झाली. माझ्या सारांशावर त्याच आठवड्यात सही झाली.

तुम्ही मला सोडून द्यायला हवं होतं, मॅडम. तसं तुम्ही केलं असतं तर मला एक बरं निमित्त मिळालं असतं. पण पुढच्या महिन्यात मी भीत भीत आलो तर तुम्ही पाट मांडलात, ताटात धपाटं वाढलंत आणि म्हणालात, "वाच." फक्त आधीसारखं अधेमधे थांबवलं नाहीत. चौथं प्रकरण तुम्ही ठेवून घेतलंत आणि आठवड्यानं परत दिलंत. चार कारणांच्या यादीखाली पेन्सिलनं लिहिलं होतं, 'आणखी एक आहे. लिहायचं की नाही ते तू ठरव.' मी गाडीत ते वाचलं. लोहा येईपर्यंत तेच एक पान उघडं होतं. मग खोडरबर काढून ती ओळ पुसली, आणि प्रबंध चार कारणांनिशी गेला.

व्हायवाला सभागृह भरलं होतं. बाहेरच्या परीक्षकांनी उपाय विचारले, मी साक्षीदार-संरक्षणावर बोललो, चांगलं बोललो. शेवटी मार्गदर्शक म्हणून तुम्हाला दोन शब्द बोलायला सांगितलं. तुम्ही उठलात, चष्मा काढलात आणि म्हणालात, "विद्यार्थ्यानं विषय फार जवळून पाहिला आहे." एवढं बोलून बसलात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझी आई पहिल्या रांगेत होती, तिनंही वाजवल्या.

तर ती मुदखेडची मुलगी. दोन आठवड्यांपूर्वी मी तिला बोलावलं आणि म्हणालो, "पाचवं कारण आहे. स्वतःचं अडलेलं काम अडून राहू नये, म्हणून. कुणाला सांगावं लागत नाही, माणूस आपणहून फिरतो." ती लिहून घेत होती. म्हणाली, "संदर्भ काय देऊ, सर?" मी म्हणालो, "प्रत्यक्ष मुलाखत." "कुणाची?" मी तिला सांगितलं. तिनं पेन खाली ठेवलं, मग पुन्हा उचललं आणि तिचा तो छापील तक्ता माझ्यापुढे सरकवला. वय, शिक्षण, व्यवसाय. शेवटी, नाव गुप्त ठेवायचं का, होय की नाही. मी 'होय'वर खूण केली. तिनं तक्ता परत घेतला आणि खूण पाहिली. जाताना नेहमीसारखं "येते सर" म्हणाली नाही.

त्या खुणेची मला लाज वाटली. घरी येऊन एका कोऱ्या कागदावर सगळं लिहून काढलं, नाव-गावासकट. पानं कुणी दिली, कधी दिली, अक्षर कुणाचं होतं, समितीपुढे मी काय बोललो आणि ते खोटं होतं. खाली सही केली आणि गेल्या सोमवारी अहमदपूरला गेलो. ती आता तिथंच वकिली करते, पोटगीच्याच केसेस जास्त. बाररूमच्या दारात भेटली. केस पांढरे झालेत तिचे, माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुमचेबी झाले की. काय काम काढलं?" मी कागद दिला. तिनं उभ्या उभ्याच वाचला, दोन्ही बाजू, आणि परत माझ्यापुढे धरला.

"यावर तारीख न्हाई."

मी खिशातून पेन काढलं. कागदाखाली धरायला तिनं तिची फाइल दिली. मी तारीख घातली.

"आता याचा उपयोग काय? सर रिटायर झाले. मीबी कवाच उठले त्यातून."

"उपयोग नाही."

"मग कशाला आणलं?"

तिनं कागदाची घडी करून फायलीत ठेवली. म्हणाली, "मॅडम दर महिन्याला यायच्या माझ्याकडं, जाईपर्यंत. तब्येत बरी नसायची तरी यायच्या. वकिलीची सनद घे म्हणून त्यांनीच मागं लागून घ्यायला लावली. तुमचं नाव एकदाबी काढलं न्हाई त्यांनी." आतून कुणीतरी तिला हाक मारली. "मी माफ-बिफ काही केलेलं न्हाई हं. पण राग धरून बसायलाबी सवड न्हाई मला. पुकारा झालाय माझा." आणि ती आत गेली. मी स्टँडवर येऊन नांदेडची गाडी धरली.

त्या गाडीत बसल्यावर वाटलं, हे सगळं तुम्हाला लिहावं. पत्ता तर आता उरला नाही. अक्काही गेल्या, आणि तुमच्या घरात दातांचा दवाखाना झालाय, मी मागे एकदा रिक्षातून पाहिलं. तेव्हा हे कुठं जाणार नाही हे मला माहीत आहे, म्हणूनच कदाचित एवढं लिहू शकलो. एक राहिलंय, तेही लिहितो. तुम्हाला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा अक्कांचा फोन आला होता. म्हणाल्या, "ती विचारायलीय, येतोस का?" मी म्हणालो, "अक्का, परीक्षेची ड्यूटी आहे, सुटका होत नाही." त्या "बरं बाबा" म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. परीक्षा पुढच्या महिन्यात होती, मॅडम. त्या दिवशी मी खोलीवरच होतो.